बाह्या कापलेला रेनकोट

जुलैच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, माझं सात नंबरचं आयर्न हातातून सुटलं, डोक्यावरून मागे गेलं आणि डावीकडच्या ओढ्यात पडलं. पाऊस पहाटेपासून होता. कोणाला लागलं नाही. चेंडू होता तिथेच राहिला.

आयर्न म्हणजे गोल्फची लोखंडी पात्याची काठी. मैदान मावळातलं, डोंगराच्या पायथ्याशी, नऊ होलचं; होल म्हणजे चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एक टप्पा. अठरा होल पूर्ण करायचे तर त्याच नऊ होलना दोन फेऱ्या मारायच्या. ओढा सातव्या होलच्या कडेनं जातो. मे महिन्यात त्यात चेंडू पडला तर चालत जाऊन उचलता येतो. त्या दिवशी पाणी तांबडं होतं आणि काठावरच्या करंजाच्या बुंध्याला लागलं होतं.

माझी बॅग वाहणारा कॅडी भाजे गावचा. वय पन्नाशीच्या पुढे, घरची भातशेती, आणि मैदान झाल्यापासून मैदानावर काम. तो काठावर जाऊन उभा राहिला. आधी त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"निघेल का, भाऊ?" मी विचारलं.

"ती गेली ताई. आतापातूर इंद्रायणीला लागली आसंल."

माझ्यासोबत खेळणारे गृहस्थ रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, लोणावळ्यात माझ्या शेजारच्या गल्लीत राहणारे. ते छत्री धरून पंधरा पावलं लांब उभे होते. आठव्या होलवर माझ्या हातातून आणखी एक काठी घसरली, नवव्यावर तिसरी. या दोन्ही पायाशीच पडल्या. नववा होल संपल्यावर त्यांनी चेंडू उचलून खिशात टाकला.

"नियमाप्रमाणे पुढे खेळता येतं," मी म्हटलं. "हरवलेल्या काठीशिवाय."

"नियमात माझ्या डोक्याचा विचार केलेला नाही, मॅडम. घरी बायको आहे. तिला मी अख्खा परत पाहिजे. निदान ती तसं म्हणते."

प्रत्येक होलला लागलेले फटके कार्डावर लिहायचे असतात, आणि सोबतच्या खेळाडूची सही नसेल तर ते धरलं जात नाही. त्यामुळे खेळ तिथे थांबला.

क्लबचा नियम असा होता: नव्या सभासदानं पहिल्या वर्षात अठरा होलची तीन कार्डं सहीसह द्यायची. त्यावरून हँडिकॅप ठरतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा. मुदत एकतीस जुलै. कार्डं अपुरी असतील तर सभासदत्व पुढे चालू राहत नाही आणि अर्ज प्रतीक्षा यादीच्या शेवटी जातो. त्या यादीत माझी पाळी यायला चार वर्षं लागली होती. मी साठ पूर्ण केली होती.

दोन कार्डं एप्रिलमध्येच दिली होती. तिसऱ्याला तीन महिने शिल्लक होते, म्हणून ते राहिलं. वृत्तपत्राच्या डेस्कवर नोकरी झाली की मुदत म्हणजे तिचा शेवटचा तास, अशी सवय लागते. पान सुटायच्या आधी पाच मिनिटं बातमी हातावेगळी झाली तर ती वेळेत झाली, असं आम्ही धरत असू. मावळात मुदत वेगळी मोजतात. सरपण, मीठमसाला, गुरांचा पेंढा, कौलांची डागडुजी हे सगळं मे संपायच्या आत उरकलेलं असतं. पाऊस लागला की शेताखेरीज दुसरं काम कोणी अंगावर घेत नाही. कॅडीनं मेमध्ये मला सांगितलं होतं, "ताई, आत्ताच उरका. म्होरं न्हाई जमायचं." मी त्याला तारीख सांगितली होती. तो म्हणाला, "तारखेचं पावसाला कुटं ठावं हाय?" मी ते हसण्यावारी नेलं.

जूनच्या मध्यापासून मैदान फक्त रविवारी उघडू लागलं. जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही अठरा होल पूर्ण केले होते. ते कार्ड कचेरीत नाकारलं गेलं. कार्डाबरोबर क्लब छोटी पेन्सिल देतो. ती मी वापरली नाही, कारण पेन्सिलीचं खोडता येतं, आणि खोडता येईल असं काही लिहायचं नाही, ही शिस्त मला पहिल्या नोकरीत लागली होती. मी जेल पेननं लिहिलं. अठराव्या होलपर्यंत पहिले बारा आकडे निळे डाग झाले होते आणि सहीचा तेरावा डाग झाला होता. कचेरीतल्या बाईंनी कार्ड दोन बोटांत धरून उजेडासमोर नेलं.

"मॅडम, हे कार्ड आहे की रंगपंचमी?"

दुसऱ्या रविवारी मैदानाकडे येणारा रस्ता पाण्याखाली होता. तिसऱ्या रविवारी आयर्न गेलं. आता मुदतीच्या आत एकच रविवार उरला.

त्या संध्याकाळी मी घटनाक्रम लिहून काढला. तिसऱ्या होलपर्यंत टॉवेल ओला झाला होता आणि त्यानंतर तो पुसायच्या कामाचा राहिला नव्हता. डाव्या हातातला चामड्याचा मोजा साबणासारखा झाला होता. चष्म्यावर पाणी होतंच, त्याच्या आत वाफही होती. पुण्यातून आणलेला रेनकोट चांगला होता, पाणी आत येत नव्हतं. पण हात खांद्यावर न्यायचा म्हटला की बाही दंडाला धरून ठेवायची, आणि बाहीवरून ओघळलेलं पाणी सरळ मनगटावरून मुठीत उतरायचं. म्हणजे मूठ कोटानंच भिजवली होती. हे वाक्य लिहिलं तेव्हा ते मला तपासून पाहावंसं वाटलं, म्हणून नळाखाली कोट घालून उभी राहिले. बरोबर होतं.

सोमवारी आणि मंगळवारी कॅडीचा फोन लागला नाही. बुधवारी मी मळवलीपर्यंत गाडीनं आणि तिथून चालत भाज्याला गेले. गावात कळलं की तो शेतावर आहे, आवणी चालू आहे. आवणी म्हणजे भाताची रोपं काढून खाचरात लावायचं काम. खाचर रस्त्यापासून दूर नव्हतं. सहा बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या आणि कॅडी बांधावरून रोपांच्या जुड्या फेकत होता.

"ह्या कोण?" एकीनं वाकल्या वाकल्याच विचारलं.

"ताई हायेत. यांचीच काठी वढ्यात गेली."

"म्हंजी काठी फेकायचा खेळ हाय व्हय?"

"न्हाई गं. फेकायचा चेंडू असतो. ताईंनी काठी फेकली."

ओळ हसली. काम थांबलं नाही.

बायांच्या पाठीवर इरली होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. वर पूर्वी पानं असत, आता निळा प्लास्टिकचा कागद. समोरून सगळं उघडं. पाऊस इरल्यावर वाजत होता आणि दोन्ही बाजूंनी गळत होता. हात कोपरापर्यंत चिखलात होते. ओळीच्या टोकाला कॅडीची बायको होती. ती जुडी घ्यायला बांधापाशी आली आणि माझ्या कोटाची बाही तिनं ओल्या बोटांनी चाचपून पाहिली.

"एवढं घालून हात हालतो कसा वो, ताई?"

"हलत नाही, वहिनी. तेच विचारायला आले."

"मग कशापायी घातलाय? पाठ झाकली का झालं. हात भिजायचेच. हात भिजू न्हाई म्हणून बसलं तर रोप कोण लावणार, सासू?"

सासू दुसऱ्या टोकाला होती. ती म्हणाली, "लावीन की. तू कोट घालून बस."

मी इरलं मागितलं. वहिनींनी आपलंच काढून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि कॅडीनं बांधावरचा एक दांडका हातात दिला. वाकून उभं राहणं जमलं. गोल्फचा फटका मारतानाही साधारण तसंच वाकायचं असतं. पण दांडका मागे नेला तेव्हा कामटी खांद्याला अडली, आणि पुढे आणला तेव्हा इरलं गरकन फिरून तोंडावर आलं. मला दिसेनासं झालं. ओळ या वेळी थांबून हसली.

"आवणीला चाला," सासू म्हणाली. "त्येच्यात फिरायचं नसतंय."

इरल्याचा उपयोग नव्हता. हात उघडे ठेवण्याचा होता. घरी आल्यावर मी रेनकोट जेवणाच्या टेबलावर पसरला आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीनं दोन्ही बाह्या खांद्याच्या शिवणीपाशी कापल्या. कापड जाड होतं, वीस मिनिटं लागली. मैदानावर कोट एकदाच वापरलेला होता, तिसऱ्या रविवारी.

मुठीचा प्रश्न राहिला. कॅडी बांधावर म्हणाला होता की हात भिजले तर भिजू द्या, पण ओल्यात धरतं असं काहीतरी घाला. त्याचा धाकटा भाऊ आंबीच्या एका कारखान्यात लोखंडी सुटे भाग उचलायच्या कामावर आहे. तिथे कामगारांना विणलेले सुती हातमोजे देतात, तळव्यावर रबराचे ठिपके असलेले. गुरुवारी त्यानं लोणावळ्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एक जोड पाठवली. मी ती बादलीत बुडवली आणि परसात पाइपनं अंगावर पाणी सोडून सहा नंबरच्या आयर्नचे चाळीस फटके मारले. काठी एकदाही हलली नाही. सूत जितकं भिजत गेलं तितकं ते धरत होतं.

एका जागी खात्री झाली तरी दुसऱ्या जागी करायची, म्हणून शुक्रवारी मी सिग्नलवाल्या गृहस्थांना फोन केला.

"ठिपके?" ते म्हणाले. "उंचवट्याचे? चालणार नाहीत. मोजा साधा पाहिजे, तळव्याला जास्तीचा थर नको. नियमाचं पुस्तक माझ्यासमोर आहे."

"तुमच्यासमोर ते नेहमी असतं का?"

"फोन तुमचा आहे म्हटल्यावर काढलं."

मी विचारलं की तक्रार कोण करणार आहे. ते म्हणाले, "मीच. सही माझी आहे ना."

कॅडीच्या भावानं शनिवारी बिनठिपक्यांची जोड पाठवली. तीही मी बादलीत बुडवून तपासली. ठिपक्यांइतकी नाही, पण पुरेशी धरत होती. त्याच दिवशी बाकीचं सामान जमवलं. जुन्या सुती साड्या फाडून सहा फडकी केली. एक छत्रीच्या काड्यांना आतून बांधलं, पाच प्लास्टिकच्या पिशवीत बॅगेच्या तळाशी ठेवली. चष्म्यासाठी पुढे लांब झाप असलेली टोपी. धुक्यात पांढरा चेंडू दिसत नाही म्हणून भगव्या रंगाचे सहा. बुटांचे झिजलेले खिळे बदलले. कार्डासाठी मी दोन दिवस पिशव्या पाहत होते. शेवटी पोळ्यांचा घट्ट झाकणाचा पसरट स्टीलचा डबा घेतला. त्यात कोरडं फडकं, दोन पेन्सिली आणि कार्डाची जागा.

शेवटच्या रविवारी मैदानावर आम्ही तिघंच होतो. खेळ दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाला. पाऊस मध्यम होता, वारा पश्चिमेकडून. सिग्नलवाल्या गृहस्थांनी माझा कोट पाहिला.

"मोजे दाखवा," ते म्हणाले. दाखवले. त्यांनी तळवे उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. "खेळा."

दुसऱ्या होलपर्यंत दंड थंड पडले. त्यानंतर पाऊस हातावर पडतो आहे हे जाणवायचं थांबलं. प्रत्येक होल संपला की छत्रीखाली डबा उघडायचा, आकडा लिहायचा, गृहस्थांनी तो मोठ्यानं वाचायचा, डबा बंद. पाचव्या होलवर कॅडी म्हणाला, "आपण तिघं भिजतोय आन् कार्ड डब्यात जेवाया बसलंय." सातव्या होलवर ओढ्याचं पाणी गेल्या रविवारपेक्षा वर होतं. तिथे सात नंबरच्या जागी मी सहा नंबर घेतलं. ते हातात राहिलं. चेंडू ओढ्यात गेला. दंड म्हणून एक फटका जादा धरून दुसरा चेंडू ठेवला, तो पलीकडे गेला.

पहिली फेरी एक वाजून पाच मिनिटांनी संपली. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या होलला, म्हणजे बाराव्याला, डोंगरावरून धुकं खाली आलं. तीस पावलांपलीकडचं दिसेना. सिग्नलवाले गृहस्थ म्हणाले की थांबू. कॅडी बॅग माझ्यापाशी ठेवून पुढे गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. मग टाळ्या ऐकू आल्या.

"आवाजाच्या उजवीकडं मारा, ताई! माज्यावर नगं!"

"चाळीस वर्षं मी दिव्यांवर गाड्या सोडल्या," गृहस्थ म्हणाले. "टाळ्यांवर कधी सोडली नाही." त्यांनीही मारला. दोन्ही चेंडू सापडले.

चौदाव्या होलवर दोन वाजून वीस मिनिटांनी भोंगा झाला. दूर वीज चमकली होती. भोंगा झाला की काठ्या खाली ठेवून आडोशाला जायचं. परवानगीचा भोंगा झाला तर खेळ त्याच दिवशी पुढे नेता येतो. आडोसा म्हणजे गवत कापायच्या यंत्राची शेड. कचेरीही रविवारीच उघडी असे, म्हणून कार्ड पाच वाजेपर्यंत तिथे पोचायला हवं होतं. पाच होल बाकी होते, चौदाव्यासकट.

शेडमध्ये कॅडीनं खिशातून रुमालात बांधलेल्या दोन भाकऱ्या काढल्या. त्या कोरड्या होत्या. आम्ही तिघांनी वाटून खाल्ल्या. पंचवीस मिनिटं गेली, मग चाळीस. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं.

"साडेतीनला मी निघतो, मॅडम. आधीच सांगतो."

"साडेतीनपर्यंत तुम्ही आहात, असं मी धरते," मी म्हटलं.

"सगळं असं लिहून घेतल्यासारखं काय बोलता?"

"आत्ताच हातात पेन्सिल आहे."

कॅडी शेडच्या दारात उभा राहून लोहगडाच्या बाजूला पाहत होता. "सरकलंय," तो म्हणाला. तीन वाजून बारा मिनिटांनी दुसरा भोंगा झाला. साडेतीनला आम्ही पंधराव्या होलवर होतो. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, बाही त्यावर ओढली आणि चेंडूपाशी गेले.

सोळावा होल म्हणजे पुन्हा ओढ्याचा सातवा. या वेळी चेंडू पलीकडे पडला. आकडा लिहायला डबा उघडला आणि वाऱ्यानं छत्री उलटी केली. कार्ड डब्यातून उडालं आणि चार पावलांवर, ओढ्याच्या अलीकडे, तांबड्या चिखलात पालथं पडलं. मी धावले. कॅडी ओरडला, "पुसू नगा! ताई, पुसू नगा!" त्यानं बोटांच्या टोकांनी कार्ड उचललं, उभं धरलं, पावसाचं पाणी त्यावरून वाहू दिलं. चिखल गेला. मग कोरडं फडकं त्यानं वरून नुसतं टेकवलं आणि उचललं, टेकवलं आणि उचललं. कागद फुगला होता. पंधरा आकडे पेन्सिलीचे होते आणि पंधराही वाचता येत होते. सोळावा मी जास्त दाबून लिहिला.

सतराव्या होलवर पाणी साचलं होतं. नियमाप्रमाणे चेंडू कोरड्या जागी घेता येतो, तशी जागा शोधायला सहा मिनिटं गेली. अठरावा चार वाजून चोवीस मिनिटांनी संपला. एकूण फटके एकशे एकोणतीस. हातातून काठी एकदाही सुटली नाही. सही शेडमध्ये झाली, पेन्सिलीनं.

कचेरीतल्या बाई कुलूप शोधत होत्या. त्यांनी कार्ड घेतलं, पंख्याखाली धरलं आणि अठरा आकड्यांवरून बोट फिरवलं. एकदा मागे येऊन बेरीज केली. मग माझ्या कोटाकडे पाहिलं.

"बाह्या कुठे गेल्या?"

"कापल्या."

"मुद्दाम?"

"हो."

त्यांनी शिक्का मारला आणि त्याखाली वेळ लिहिली: चार वाजून एकेचाळीस. शिक्का ओल्या कागदावर थोडा पसरला. त्यांनी तो पुन्हा, शेजारी मारला. बाहेर कॅडी बॅगेतलं पाणी उलटं करून ओतत होता. सिग्नलवाले गृहस्थ गाडीत बसून काचा पुसत होते आणि हॉर्न वाजवत होते.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सूचनाफलकावर नवी यादी लागली. माझ्या नावापुढे हँडिकॅप चौतीस होता. सात नंबरचं आयर्न, पाणी उतरल्यावर ऑक्टोबरमध्ये दोनदा शोधूनही, सापडलं नाही.